आधी ‘कोकोडा’ की ‘बटाव्हिया’?

पीटर फिट्झसायमन्स ऑस्ट्रेलियाकडून १९८९-९० मध्ये ७ रग्बी कसोट्या खेळला, पुढे ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’चा स्तंभलेखक झाला आणि आता त्याचे जाडजूड इतिहासग्रंथ तिकडे धो धो खपतात. तो इतिहास कादंबरीसारखा सांगतो: संवाद, पात्रांच्या मनातले विचार, सगळं. ज्यांना हे खटकतं त्यांनी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. बाकीच्यांनी सुरुवात कुठून करावी?

माझं मत ‘कोकोडा’च्या (२००४) बाजूने. १९४२ साली जपानी सैन्य पापुआच्या डोंगरातून तिथल्या पोर्ट मोर्स्बी या बंदराकडे सरकत होतं. वाट एकच, कोकोडाची, सुमारे ९६ किलोमीटरची, चिखलाची. समोर उभी राहिली ऑस्ट्रेलियाची ३९वी बटालियन. ही अर्धवट लष्करी प्रशिक्षण झालेली पोरं. नियमित सैनिक त्यांना ‘चोको’ म्हणून हिणवत, म्हणजे चॉकलेटचे शिपाई, उन्हात वितळणारे. वाटेवरच्या इसुरावाच्या लढाईत ते वितळले नाहीत. जखमींना खांद्यावरून खाली आणणारे पापुआन हमालही या कथेत आहेत. आणि सगळ्यावर कडी म्हणजे नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा सेनापती जनरल ब्लेमी याने कोइटाकीला केलेलं भाषण. पळणाऱ्या सशालाच गोळी लागते, असं तो याच वाटेवर जीव तोडून लढलेल्या २१व्या ब्रिगेडच्या सैनिकांसमोर बोलला! लेखकाचा मुसंडी मारणारा, थोडा आरडाओरडा करणारा स्वर इथे शोभतो. वाट अरुंद असल्याने कथाही भरकटत नाही.

‘बटाव्हिया’चं (२०११) तसं नाही. १६२९ मध्ये हे डच जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ खडकावर फुटलं. मदत आणायला कमांडर पेल्सर्ट होडीने जावाकडे गेला आणि मागे जहाजावरच्याच यरोनिमस कॉर्नेलिस्झच्या टोळीने शंभराहून अधिक जणांना मारलं. हकिकत मुळातच इतकी भयंकर आहे की तिला तिखटमीठ नको होतं. ते इथे आहे, भरपूर. क्रौर्याची वर्णनं रात्री वाचवत नाहीत.

तरी एक धागा आपल्याला ओढतो. हा पेल्सर्ट त्याआधी काही वर्षं आग्र्याला डच कंपनीचा व्यापारी होता, जहांगीरच्या काळातल्या हिंदुस्थानचं त्याचं वर्णन आपले इतिहासकार आजही वापरतात. जहाजावर मुघल दरबारासाठी केलेली चांदीची भांडीही होती.

पर्थला भाचा-पुतणी असेल आणि जाणं ठरत असेल, तर मात्र माझा क्रम उलटा करा. त्या जहाजाच्या सांगाड्याचा भाग फ्रीमँटलच्या संग्रहालयात उभा आहे.