पदवीनंतरचं पहिलं वर्ष: सोलापुरात अप्रेंटिस, की थेट पुण्यात नोकरी?

शेवटच्या सेमिस्टरचे पेपर संपले की सोलापुरातल्या बहुतेक घरांत एकच विषय निघतो: पोरगं पुण्याला कधी जाणार? इथे काहीच नाही असं धरून बॅग भरली जाते. त्याआधी दोन्ही वाटा शेजारी-शेजारी ठेवून बघा. एक, चिंचोली किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना, टॉवेल निर्यातदाराचं ऑफिस किंवा कर सल्लागाराचं कार्यालय, इथे वर्षभराची नोंदणीकृत अप्रेंटिसशिप. दुसरी, पुण्यात अडीच लाखांच्या आतबाहेरच्या पॅकेजची पहिली नोकरी.

आमचं मत आधीच सांगतो. शहरापेक्षा शाखा बघून ठरवा. मेकॅनिकल डिप्लोमा, केमिस्ट्रीतलं बीएस्सी आणि बीकॉम झालेल्यांनी पहिलं वर्ष सोलापुरात काढलं तर पदरात जास्त पडतं. बीसीए आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र पुणंच धरावं. त्यांच्या कामाच्या जागा आणि वरचढ सहकारी, दोन्ही तिकडे आहेत.

हातात किती येतात

पुण्याचं पॅकेज ऐकायला मोठं वाटतं, कारण सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि इन-हँड (खात्यावर येणारे पैसे) यांतला फरक कोणी समजावून सांगत नाही. एक उदाहरण सोडवू. सीटीसी वर्षाला 2,40,000, म्हणजे महिन्याला 20,000. त्यात बेसिक 12,000 धरा. कंपनीचा पीएफचा वाटा 12 टक्के, म्हणजे 1,440 रुपये, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के, म्हणजे 577 रुपये. हे दोन्ही बऱ्याच कंपन्या सीटीसीतच मोजतात. ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी विम्याचा, कंपनीचा 3.25 टक्के वाटाही त्यातच. उरतो ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, सुमारे 17,417. त्यातून तुमचा पीएफ 1,440, ईएसआयसी 0.75 टक्क्याने 131 आणि व्यवसाय कर 200 रुपये (फेब्रुवारीत 300) कापला जातो. खात्यावर येतात साधारण 15,650. मुलींना महाराष्ट्रात 25,000 पगारापर्यंत व्यवसाय कर लागत नाही, त्यांचे 200 वाचतात.

आता खर्च. कॉट बेसिसचं भाडं 5,000, मेस 3,500, येणं-जाणं 1,500, किरकोळ 1,500 आणि महिन्यातून एकदा घरी येणं 600 असं धरलं, तर 12,100 गेले. उरले साडेतीन हजार. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागाचे दर घालून बघा. आणि डिपॉझिट वेगळं ठेवा, ते पहिल्याच दिवशी रोख मागतात.

सोलापुरात अप्रेंटिसला किमान स्टायपेंड 2019 च्या नियमदुरुस्तीनुसार पदवीधराला 9,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 ठरला. करार करताना चालू दर नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर तपासा. त्यातून पीएफ कापत नाहीत. राहणं-जेवण घरी. चिंचोलीला रोज दुचाकीने जाण्याचे आणि दुपारच्या चहा-नाश्त्याचे तीन हजार धरले, तरी पदवीधराकडे सहा हजार उरतात. म्हणजे वरकरणी दुप्पट दिसणाऱ्या पगारात हातात कमीच उरतं. पीएफ आणि त्यातल्या पेन्शनचे मिळून महिन्याला 2,880 तुमच्या नावावर जमत असतात, हे मात्र पुण्याच्या बाजूने मोजलं पाहिजे.

वर्षाअखेरीस काय येत असेल

पैशांचा फरक थोडाफार भरून निघतो, शिकण्यातला निघत नाही. या मुद्द्यावर जास्त वेळ द्या.

मेकॅनिकलचं बघा. चिंचोलीत इंजिनांचे कॅमशाफ्ट बनवण्यापासून ऑटोचे सुटे भाग मशिनिंग करण्यापर्यंत कामं चालतात. अशा ठिकाणी क्वालिटी विभागात वर्ष काढलेल्या पोराला मुलाखतीत विचारलं, ‘व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) किती?’, तर तो नुसतं 0.02 मिमी म्हणून थांबत नाही. शाफ्टच्या जर्नलचा टॉलरन्स दहा-वीस मायक्रॉनचा असेल तर व्हर्नियर चालत नाही, 0.001 मिमीचा मायक्रोमीटर किंवा एअर गेज लागतं, हे तो सांगतो, कारण फर्स्ट पीस इन्स्पेक्शनला (पहिला तयार भाग तपासताना) त्याने रोज तेच केलेलं असतं. पुण्यात पहिली नोकरी म्हणून याच पोराला ठेकेदाराकडून लाइनवर उभं केलं, तर वर्षभर एकच स्टेशन, एकच बोल्ट. चाकणचं नाव रिझ्युमेवर येतं, पण पुढच्या मुलाखतीत सांगायला काही नसतं.

बीकॉमचंही तसंच. सोलापूरच्या टेरी टॉवेलची निर्यात होते, त्यामुळे इथल्या ऑफिसात इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), ई-वे बिल हे सगळं एकाच टेबलावरून जातं. टॉवेलचा एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) 6302 मध्ये येतो आणि इनव्हॉइस व शिपिंग बिलावरचा तपशील जुळला नाही की आयजीएसटीचा परतावा अडकतो. हे एकदा निस्तरलेली मुलगी कुठल्याही निर्यातदाराकडे उभी राहू शकते. कर सल्लागाराकडे असाल तर दर महिन्याच्या 11 तारखेचा जीएसटीआर-1 आणि 20 तारखेचा 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं स्वतः भरायला मागा. नुसती टॅलीत एंट्री मारत वर्ष घालवू नका. पुण्यातल्या बॅक ऑफिसला बीकॉमवाल्याला बहुतेक वेळा एकाच प्रकारची प्रक्रिया हजार वेळा करायला मिळते.

केमिस्ट्रीवाल्यांनी विचारायचा प्रश्न एकच: एचपीएलसीवर (सॅम्पलमधले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) हात लावू देणार का, की फक्त सॅम्पल आणायचं? उत्तर ‘फक्त सॅम्पल’ असेल तर दुसरी जागा शोधा.

क्रम उलटा केला तर दार बंद होतं

पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांच्या नॅट्स योजनेत एक अट बऱ्याच जणांना उशिरा कळते. आधी एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा अनुभव असेल तर अप्रेंटिस म्हणून घेत नाहीत. म्हणजे सोलापुरात अप्रेंटिस होऊन पुण्याला जाता येतं. पुण्यात वर्षभर नोकरी करून, कंटाळून परत येऊन अप्रेंटिस होता येत नाही.

मात्र कागद पक्का हवा. ‘अप्रेंटिस म्हणून ये’ असं तोंडी सांगून पोर्टलवर करारच न करणाऱ्या जागा असतात. वर्ष संपल्यावर प्रमाणपत्र मिळत नाही आणि ते वर्ष कुठेच मोजलं जात नाही. रुजू होताना नॅट्सवर स्वतःचं लॉगिन उघडून करार दिसतो का ते बघा. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खातं या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखं हवं. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल तरी पडताळणी अडते. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर स्टायपेंडमधला सरकारी वाटा रखडतो. कायद्याने अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, आणि वर्षानंतर कायम करायला कंपनी बांधील नसते. ‘पुढे घेऊच’ हे साहेबांचं बोलणं धरून बसू नका. नवव्या महिन्यापासून शोध सुरू करा.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला 10,000 आणि डिप्लोमाला 8,000 असा दर 2024 मध्ये ठरला. त्यासाठी महास्वयम् पोर्टलवर नोंदणी लागते. ग्रामपंचायत, शाळा किंवा कार्यालयातली जागा मिळाली तर हातखर्च निघतो, पण तुमच्या शाखेचं काम क्वचितच मिळतं, म्हणून आम्ही तिला नॅट्सच्या खाली ठेवतो.

पुणं ठरलंच असेल तर

खोली घेऊन नोकरी शोधू नका, सोलापुरातून शोधा. सकाळी साडेसहाच्या सुमारास हुतात्मा एक्सप्रेस सुटते आणि साडेदहाच्या आसपास पुण्यात पोचवते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तीच परत निघते (वेळ एकदा तपासून घ्या). मुलाखतीची वेळ मागताना दुपारी 12 नंतरची मागा, हिंजवडी किंवा चाकण असेल तर 1 नंतरची, कारण स्टेशनपासून तिथे पोचायलाच दीड-दोन तास जातात. एकाच दिवशी दोन मुलाखती ठेवायच्या तर दोन्ही शहराच्या एकाच टोकाला असू द्या. खोली बघायची ती ऑफर लेटर हातात आल्यावर.

त्या लेटरमध्ये चार गोष्टी शोधा: सीटीसीची फोड, प्रोबेशनचा काळ, नोटीस पिरियड आणि बॉण्ड. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या कंपनीत जाऊ नका. पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या. नोंदणी, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी आधी पैसे मागणारा फोन आला की तो तिथेच संपवा, मग त्याने कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव घेतलेलं असो.

रिझ्युमेत सोलापूरकर एक गोष्ट हमखास विसरतात: भाषा. पूर्व भागातल्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय मराठी, हिंदी आणि बऱ्याच जणांना उर्दू. हैदराबाद किंवा बंगळूरचे ग्राहक सांभाळणाऱ्या विक्री आणि ग्राहकसेवेच्या जागांना हे लागतं. पत्त्याच्या खाली बारीक अक्षरात नको, वरच्या तिसऱ्या ओळीत लिहा, आणि बोलता येतं की लिहिताही येतं ते वेगळं सांगा. मुलाखतीत लगेच त्याच भाषेत दोन वाक्यं बोलायला सांगतात.

बॅकलॉग असेल तर दोन्ही वाटा तूर्त थांबतात. पदवी पूर्ण झाल्याशिवाय नॅट्समध्ये पदवीधर म्हणून करार होत नाही, आणि पुण्यात ‘निकाल येईल’ म्हणून जॉइन झालेल्यांना कागद तपासताना काढलं जातं. आधी तो विषय सोडवा. तोवर आठवड्यातले तीन दिवस एखाद्या ऑफिसात बिनपगारी का होईना, टॅली किंवा ड्रॉइंगवर बसा.