चांद्रनकाशे जमवताय? हवाई दलाचा घ्यावा की भूवैज्ञानिकांचा?
केप्लर विवराचाच परिसर घ्या. अमेरिकी हवाई दलाच्या सेंट लुईसमधल्या केंद्राचा १:१०,००,००० प्रमाणातला नकाशा नुसता बघत बसावा असा आहे. एअरब्रशने (रंग फवारायच्या साधनाने) दिलेल्या छटांमुळे विवराची कड हाताला लागेल असं वाटतं. छायाचित्रांत न दिसणारे बारकावे फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत दुर्बिणीला डोळा लावून टिपलेले!

१९६२ साली अमेरिकी भूसर्वेक्षण विभागाने अशाच नकाशावर रंग चढवले. दिसायला जरा भडकच, पण खरी गंमत समासात: खडकांचा कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा, सगळं तिथे मांडलंय. माझा कौल यालाच. भिंतीवर लावायचा असेल तर मात्र पहिला.

पेन्सिलीच्या टिपा असलेली प्रत मिळाली, तर त्या कोणाच्या याचा कागदोपत्री पुरावा मागा. नसेल तर जादा पैसे मोजू नका.