पेटीवाल्याच्या घरात कीबोर्ड: दिवाळी ते मृग

दिवाळीच्या बोनसात ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला, आता मृग लागलाय. एवढे महिने रोज हाताखालून गेल्यावर त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. मी काही ऑर्केस्ट्रातला माणूस नव्हे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि एकादशीला भजनात पेटी धरतो. सूर कुठं असतात ते ठाऊक, पण कीबोर्ड कशाशी खातात ते ठाऊक नाही, अशा माणसाचा हा अनुभव आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतोय. दहा-पंधरा हजारांतले कीबोर्ड गुणांनी आणि खोड्यांनी एकमेकांचे भाऊच असतात, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डाला लागू आहे.

पेटीवाल्यांना वाटतं की कीबोर्ड म्हणजे विजेवरची पेटी. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रचना तीच, तेच बारा सूर, मग शिकायचं काय उरलं? उजव्या हातापुरतं हे बरचसं खरं आहे. पहिल्याच संध्याकाळी मी त्यावर दोन अभंग वाजवले. पण पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात आयुष्यभर भाताच मारत आलेला असतो. इथं भाता नाही, त्यामुळं तो हात मांडीवर पडून राहतो. आमच्या बुवांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तेही हेच बोलले, "काय ओ, ह्याचा भाता कुठं ठेवलाव?" सगळे हसले, पण मुद्दा तोच होता.

भाता गेला की आवाजावरचा ताबाही जातो, हे आधी लक्षात येत नाही. पेटीत लहान-मोठा आवाज बोटांवर नसतो, भात्यावर असतो. सूर धरून भाता जरा भरला की तोच सूर फुलतो, ढिला सोडला की मावळतो. कीबोर्डावर पियानोचा आवाज लावलात तर जो काही जोर लावायचा तो पट्टी पडतानाच, पुढं तो सूर आपला आपण विरत जातो. पट्टीखाली रबराच्या टोपीत दोन संपर्क असतात. एक मिटल्यावर दुसरा मिटेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून यंत्र ठरवतं की आवाज केवढा द्यायचा. म्हणजे ताकद मोजली जात नाही, वेग मोजला जातो. पेटीवर घडलेली बोटं पट्टीला चिकटून सरकतात, त्यामुळं सुरुवातीला माझे निम्मे सूर ऐकूच येत नव्हते आणि मधूनच एखादा ठणकन वाजायचा. हे अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तरीसुद्धा सांगतो, हा वेग ओळखणारा, म्हणजे टच रिस्पॉन्स असलेलाच कीबोर्ड घ्या. नसलेल्या कीबोर्डावर हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज एकच येतो. तो लहान पोराच्या वाढदिवसाला ठीक.

यादीत 'हार्मोनियम' नावाचा आवाज असतो, पण पेटीवाल्यानं त्यावर भुलू नये. तो कायम भरल्या भात्याचा, एकाच उंचीचा आवाज आहे. मी तो वापरणं सोडलं. बाकी शेकडो आवाज असतात, त्यातले पाच-सहाच कामाला येतात: पियानो, ऑर्गन, तारवाद्यांचा समूह, बासरी बरी, सतार कृत्रिम.

आता डावा हात. माझा गुरू माझ्या पोराच्या वयाचा आहे. आठवडाभर मोबाईलच्या दुकानात बसतो आणि रविवारी चर्चमध्ये उपासनेला कीबोर्ड वाजवतो. तो मला काका म्हणतो, मी त्याला सर म्हणतो. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं, "काका, उजवा हात खिशात घाला." आणि खरंच कित्येक आठवडे उजव्या हाताला सुट्टी होती.

कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम. पांढरी एकचा, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा सा धरला तर सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे हे तीन कॉर्ड आले की निम्मी भावगीतं निभतात. मोबाईलवरचे धडे बघून शिकणारे तिन्ही वेळा हात उचलून नव्या जागी नेतात आणि तेवढ्यात लय सुटते. सरांनी वेगळं शिकवलं. सा-ग-प धरायचं. पुढच्या कॉर्डला सा तसाच ठेवून वरची दोन बोटं सरकवली की सा-म-ध झाला, म्हणजे तोच म-ध-सा, फक्त उलटून मांडलेला. परत सा-ग-पवर यायचं, आता प धरून ठेवायचा आणि खालची दोन बोटं एकेक पाऊल खाली आणायची, की नि-रे-प. हात जागचा हलत नाही. जो सूर दोन्ही कॉर्डांत आहे त्यावरचं बोट उचलायचंच नाही, हा नियम. हे एकदा बसलं आणि आयुष्यभर भाता मारणारा माझा हात माणसात आला.

गंमत पुढं आहे. आपलं संगीत कॉर्डांसाठी बांधलेलं नाही, त्यामुळं भजनाखाली कॉर्ड घालताना विचार करावा लागतो. भूपाचं बघा. सा रे ग प ध, एवढेच सूर. त्यांतून असे तीन सुरांचे कॉर्ड दोनच निघतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. सवयीनं म-ध-सा दाबलात की मध्यम आत शिरला आणि भूप गेला. बुवा गाता गाता मान वळवून बघतात. याउलट भैरवी. रे ग ध नि चारही कोमल, त्यामुळं सा-कोमल ग-प लावा आणि मग सगळा हात वर सरकवून कोमल रे-म-कोमल ध. दोन्ही कॉर्ड रागातलेच, एकही परका सूर नाही, आणि त्या दुसऱ्या कॉर्डावरून 'सा'वर परत येताना जे होतं ते पेटीवर मला कधी मिळालं नव्हतं. या एका जागेसाठी माझे पैसे वसूल झाले असं मी घरात सांगतो. घरात पटत नाही, ते सोडा.

ऑटो अकम्पॅनिमेंट, म्हणजे आपोआप साथ, ही सोय अशा बहुतेक कीबोर्डांत असते. पट्ट्यांचे दोन भाग पडतात, डाव्या भागात कॉर्ड दाबला की ढोलकं, बेस, गिटार सगळे आपोआप सुरू. काही कीबोर्डांत तर एक बोट पुरतं. पाहुण्यांपुढं छाप पडते. पण शिकायचं असेल तर ती महिनोन्‌महिने बंद ठेवा. एका बोटाच्या सोयीवर घडलेला हात तीन बोटांवर यायला फार कुरकुर करतो. आमच्या गल्लीतल्या दोन पोरांची तशीच गत झालीय, त्यांच्या कीबोर्डाचं ते बटण बंद केलं की त्यांना काहीच येत नाही.

तालाची बटणं भजनाला निरुपयोगी. भारतीय आवाजांच्या मॉडेलांत केरवा, दादरा मिळतात, आणि घरी रियाजाला ते ठीकच आहेत. पण भजन गजराला चढत जातं आणि यंत्राची लय चढत नाही. दर चार ओळींनी बटण दाबून वेग वाढवत बसणार का? पखवाजवाला समोर असताना तर तसलं काही काढूच नये. घरी मात्र मेट्रोनोम, म्हणजे लयीची नुसती टिकटिक लावतो, कारण आम्ही साखर पेठेच्या बाजूला राहतो आणि मागच्या गल्लीत माग चालतात. मागाची खटखट इतकी नेमानं चालते की हात नकळत तिच्याच लयीत जातो. हेडफोन घातला की ती कमी होते, घरच्यांची झोपही वाचते. रात्री दहानंतर वाजवता येणं ही पेटीवाल्याला न मिळणारी चैन आहे.

गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठला धरायचा ते बदलणं, हा कीबोर्डाचा सरळ सरळ विजय. आमचे बुवा काळी दोनमध्ये गातात, महिला मंडळाला काळी चार लागते. ट्रान्सपोजच्या बटणानं सगळे सूर एकदम वर-खाली सरकतात, ते +३ केलं की पांढरी एकची बोटं ठेवूनच काळी दोन वाजते. यासाठी पेटीत स्केल चेंजर लागतो, त्यात अख्खी पट्ट्यांची फळी सरकते, आणि त्याची किंमतही तशीच असते. मात्र ट्रान्सपोजला चटावलात तर साध्या पेटीवर बसल्यावर पंचाईत. मी आठवड्यातून दोनदा तरी ते शून्यावर ठेवून वाजवतो.

सुरेलपणाबद्दल कानसेनांची तक्रार असते, आणि ती रास्त आहे. समान अंतरावर बसवलेल्या बारा सुरांत पंचम जवळपास जागेवर येतो, २ सेंटांचाच फरक. शुद्ध गंधार मात्र तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा राहतो, आणि १०० सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर. पेटीवरही हाच आरोप होता. आकाशवाणीनं १९४० ला पेटी बंद केली ती १९७१ पर्यंत, त्यात श्रुती (सुरांमधले बारीक फरक) नाहीत आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) नाही हेच मोठं कारण. कीबोर्डाला सूर वर-खाली वाकवणारं पिच बेंडचं चाक असेल तर मींडीसारखं काही काढता येतं, पण ते चाक फिरवायलाही डावा हातच लागतो, आणि तो तर कॉर्डात गुंतलेला. मंडळाची जुनी पेटी प्रमाण सुरापेक्षा, म्हणजे ४४० हर्ट्झपेक्षा किंचित चढी आहे. कीबोर्डाचं ट्यूनिंग ४४२ वर नेल्यावर दोन्ही जुळले. पेटीचे सूर घासून घेण्यापेक्षा हे केव्हाही सोपं.

बैठकीचा प्रश्न कोणी आधी सांगत नाही. आपण मांडी घालून वाजवणारे. कीबोर्ड जमिनीवर ठेवला तर मनगटं मोडून येतात, मांडीवर घेतला तर डुगडुगतो. मी चौरंगावर ठेवून बघितलं, गुडघे आत जाईनात. शेवटी एक्स आकाराचा स्टँड आणि खुर्ची. कोपर आणि पट्ट्या एका उंचीवर आल्या की खांदा दुखायचा थांबतो. म्हणजे भजनाच्या बैठकीत सगळे खाली आणि मी एकटा वर. देवासमोर असं उंच बसणं मला काही केल्या पटलं नाही, म्हणून भजनाला अजून पेटीच नेतो आणि कीबोर्ड घरीच राहतो.

एकदा गणपतीच्या मंडळाच्या पोरांनी मागितला होता, तेव्हा कळलं की अडीच अडीच वॅटचे दोन स्पीकर खोलीपुरतेच. मंडपात आवाज पोचवायचा तर हेडफोनच्या भोकातून वायर काढून मिक्सरला द्यावी लागते, आणि ती घातली की आतले स्पीकर बंद, मग वाजवणाऱ्यालाच काही ऐकू येत नाही. जायचंच असेल तर आपल्याकडं तोंड केलेला एखादा स्पीकर मागून घ्या.

लाईट गेल्यावर पेन्सिल सेल कामाला येतात, माझ्या कीबोर्डाला सहा लागतात. आपल्या उन्हाळ्यात ही सोय फालतू नाही. अॅडॉप्टर बिघडला तर कुठलाही जोडू नका. व्होल्टेज आणि पिनेचं अधिक-उणे दोन्ही जुळलं पाहिजे, पिन भोकात बसली एवढ्यानं भागत नाही. काही वेळ न वाजवल्यास आपोआप बंद व्हायची खोड मॅन्युअल वाचून काढून टाकता येते.

खरी अडचण धुळीची. मागाच्या गल्लीत धुळीबरोबर सुताचा भुरकाही असतो. शिमग्याच्या सुमारास वरच्या सप्तकातली एक पट्टी हळू दाबली तरी पूर्ण जोरात वाजायला लागली. वर सांगितलेल्या दोन संपर्कांमध्ये कचरा गेला की असं होतं, वेग चुकीचा मोजला जातो. दुरुस्तीवाल्यानं उघडून रबराची पट्टी साफ केली, तासाभराचं काम. तेव्हापासून वाजवून झालं की लगेच चादर. सोलापुरात चादरीला काय तोटा! पण पंख्याखाली उघडा ठेवू नका आणि दुपारच्या खिडकीतल्या उन्हातही नको.

पट्टी सोडल्यावरही सूर चालू ठेवणारं सस्टेन पेडल वेगळं घ्यावं लागतं, घ्याच. कॉर्ड बदलताना मधली फट भरून निघते.

पेटी विकून कीबोर्ड घेऊ का, असं मंडळातल्या एकानं विचारलं. उजव्या हातानं चालच वाजवायची असेल तर विकू नका, ते पेटीवर जास्त चांगलं होतं. डाव्या हाताला काम द्यायची तयारी असेल तर पेटी ठेवूनच घ्या. नवी पेठेत दुकानात गेलात की विक्रेता आधी डेमोचं बटण दाबतो, ते बंद करायला सांगा. ताल बंद, पियानोचा आवाज, मग डावीकडून उजवीकडं ६१ च्या ६१ पट्ट्या आधी हळू आणि मग झटकन, असं दोनदा वाजवून बघा. जुना घेत असाल तर यातच सगळं कळतं. एखादी पट्टी एकदम ओरडली तर दोन-तीन हजार कमी करून मागा, किंवा दुसरं दुकान गाठा.