फियाट की जीप? घरच्या पोर्चमध्ये जुनी गाडी उभी करायची असेल तर

नाशिकमध्ये रो-हाऊसच्या पोर्चमध्ये जुनी गाडी घेऊन बसायचं मनात असेल, तर फिरून फिरून गोष्ट दोन गाड्यांवर येते. एक प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जिला आपण फियाटच म्हणतो ती, दुसरी महिंद्राची पेट्रोल जीप, म्हणजे हाय बॉनेट सीजे ३बी. ॲम्बेसिडरचाही विचार होतो, पण आपल्या पोर्चमध्ये ती उभी केली की दार उघडून काम करायला जागा उरत नाही, म्हणून ती बाजूला ठेवतो. मी दोन्ही गाड्यांच्या मागे बरंच फिरलो आणि शेवटी पद्मिनी घरी आणली. ती का, ते सांगतो. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकेल.

कामाच्या सोयीनं बघितलं तर जीप सरळ पुढे आहे. तिची बॉडी वेगळी आणि चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळा. बोल्ट सोडले की चार माणसं मिळून बॉडी उचलून बाजूला ठेवतात आणि खालची चेसिस उघडी पडते. घासा, रंगवा, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढा, सगळं हाताशी. पत्रेही बहुतेक सपाट. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत पत्रा वाकवून देणारे आणि लेथवर बुश-पिन काढून देणारे आहेतच, त्या बाबतीत नाशिककर भाग्यवान. अगदीच सडली असेल तर हरियाणात मंडी डबवलीला जीपच्या नव्या बॉड्या बनतात.

पद्मिनीला अशी वेगळी चेसिस नाही. तळाचा पत्रा आणि दाराखालचा उंबऱ्यासारखा पोकळ पत्रा, यांच्यावरच गाडीचा भार. आणि गंज धरतो तोही नेमका तिथेच. पावसाळ्यात ओल्या चपला आत येतात, रबरी मॅटखालचा नमदा पाणी धरून ठेवतो, वरून काही दिसत नाही. बघायला गेलात की मॅट उचला आणि ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. लोहचुंबकाला पातळ फडकं गुंडाळून चाकाच्या कमानीवरून आणि दाराखालून फिरवा. चुंबक जिथे निसटतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

उंबऱ्याचा पत्रा कापायची वेळ आली तर घाई नको. गाडीला खालून सगळीकडे नीट आधार द्या, दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल वेल्ड करून घ्या आणि एका वेळी एकच बाजू कापा. चौकटीचे दोन्ही कर्ण आधी दोरीनं मोजून भिंतीवर लिहून ठेवा. माझ्या गाडीला हे सगळं करावं लागलं. वेल्डरला घरी बोलावून शेजारी बसून राहिलो, दर टाक्यानंतर दार लावून बघितलं. चौकट थोडी जरी बसली तरी ते दार पुन्हा नीट लागत नाही.

एवढं वाचून जीपच घ्यावी असं वाटेल. मीही त्याच तयारीत होतो. माझं मन फिरवलं ते इंजिन नंबरानं.

या जीपमधलं मूळ चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन पेट्रोलवर चालतं, आणि पितं भरपूर. आपल्याकडे जीप कांदा-द्राक्षांच्या मळ्यावर राबली, सवाऱ्या वाहून नेल्या. तिथे पेट्रोल परवडणार कसं? मालकांनी डिझेल इंजिनं बसवली, त्यांच्या जागी ते बरोबरच होतं. निफाडकडे एका मळ्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली फार देखणी जीप बघितली होती. काच, बॉनेट, ग्रिल, सगळं जागच्या जागी. डिझेलमध्ये फडकं भिजवून इंजिनाचा ब्लॉक (मुख्य ओतीव भाग) पुसला, काजळीखालून नंबर वर आला. आरसी बुकाशी एक आकडा जुळेना, आणि बुकात इंधन पेट्रोल. मालक सरळ माणूस. म्हणाले, "इंजिन आमच्या दादांनी बदललं, कागदावर घ्यायचं राहून गेलं." त्यानंतर बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक जीपची हीच कथा. कुठे इंजिन, कुठे इंजिनासोबत गिअरबॉक्सही.

जुन्या बाजारातून हरिकेन इंजिन शोधून आणता येईल, पण त्याचा नंबरही तुमच्या आरसीवर नसणारच. बदललेलं इंजिन आरटीओत नोंदवून घ्यावं लागतं, आणि ज्यानं ते बदललं तो माणूस हयात नसेल तर त्याच्या खरेदीची पावती आणायची कुठून? त्यात २०२१ पासून विंटेज नोंदणीचा वेगळा नियम आहे. गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ स्वरूपात हवी. इंजिन, चेसिस, बॉडीत मोठा फेरफार चालत नाही. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. कुणाला ही नोंदणी नको असेल, तरी न जुळणारा इंजिन नंबर नाव बदलताना आडवा येतोच. पत्रा घरी दुरुस्त होतो, कागद होत नाही. मला हा त्रास डोक्यावर घेऊन रोज संध्याकाळी पाना हातात धरवला नसता.

पद्मिनी बहुधा डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब अशांच्या घरी राहिली. डिझेल बसवलेल्या सापडतात, टॅक्सीतून निघालेल्याही सापडतात, त्या सोडून द्या. पण गंजलेली, उंदरांनी वायरिंग खाल्लेली घरगुती पद्मिनीसुद्धा बहुतेक वेळा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेच इंजिन घेऊन उभी असते. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे.

सुट्या भागांचं सांगायचं तर इंजिन-ब्रेकचं सामान मुंबईत शोधलं की मिळतं. टॅक्सीवाल्यांमुळे ते वर्षानुवर्षं बाजारात खेळतं राहिलं. पण शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तेव्हा लागेल ते आत्ताच घेऊन ठेवलेलं बरं. क्रोमच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा, मीटरचं डायल यांना मात्र फार वाट बघावी लागते. घेताना इंजिन बंद असलं तरी चालेल, या वस्तू गाडीवर हव्यात.

चालवण्यात माझा कौल अर्थातच पद्मिनीला. मे महिन्यात कसारा घाट चढताना पेट्रोल पंप तापून ती रुसते, ओलं फडकं सोबत ठेवावं लागतं. पण आईला मागच्या सीटवर बसवून त्र्यंबकेश्वरला नेता येतं. जीपमध्ये तो प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपला नसता.

तरीही आरसीशी इंजिन जुळणारी जीप कुणाच्या शेडमध्ये दिसली, तर इंजिन जाम असलं तरी सोडू नका, माझं एवढं सगळं ऐकूनही. नाहीतर पद्मिनी शोधा, आणि शक्यतो येवला-सिन्नर-मालेगावकडची. तिकडे पाऊस कमी, पत्रा टिकतो. मुंबईच्या खाऱ्या हवेतली गाडी वरून कितीही चकचकीत असो, तळ बघितल्याशिवाय बोलणी करू नका. आणि दोन्हीपैकी कुठलीही घ्या, इसार देण्याआधी ब्लॉक आणि चेसिस नंबराची जागा स्वतः पुसून दोन्ही नंबर आरसीशी ताडून बघा. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी कोण आणणार, तेही त्याच बैठकीत बोलून घ्या.