आरपी२३५० : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. फिरत्या शाफ्टचा वेग मोजायचा, बेअरिंगची कंपनं टिपायची, त्यांचं एफएफटी काढायचं (म्हणजे कंपनांत कोणत्या वारंवारता किती आहेत ते शोधायचं) आणि निकाल वाय-फायवरून पाठवायचा. आधी हे सगळं रास्पबेरी पायच्या पिको डब्ल्यू बोर्डवर, म्हणजे जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या आरपी२०४० चिपवर चालायचं. नऊ महिन्यांपूर्वी मी ते पिको २ डब्ल्यूवर हलवलं आणि तेव्हापासून त्यावरची आरपी२३५० चिप रात्रंदिवस राबते आहे. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो, तर १३३ वरून १५० मेगाहर्ट्झवर गेलेल्या क्लॉकचं कौतुक केलं असतं. आज त्या आकड्याबद्दल मला फारसं काही सांगायचं नाही.

सांगायचं आहे ते एनकोडरबद्दल. शाफ्टवर फेऱ्याला १००० पल्स देणारा एनकोडर, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर, बसवलेला आहे. ए आणि बी या दोन्ही चॅनेलच्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या की एका फेऱ्यात ४००० मोजणी होते. शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २ लाख कडा, आणि दोन कडांमध्ये जेमतेम ५ मायक्रोसेकंद. जुन्या बोर्डवर हे काम इंटरप्टवर होतं, म्हणजे प्रत्येक कडेला कोअर हातातलं काम सोडून ती मोजायचा. एरवी ठीक चालायचं. पण प्रत्येक फेऱ्यात एकदाच येणाऱ्या इंडेक्स पल्सला मोजणी छापून पाहिली, तेव्हा ४०००, ४०००, ३९९७, ४०००, ३९९९ अशी रांग दिसायला लागली. वाय-फायचं पॅकेट आलं की आकडा घसरायचा. हवा तो कोड कॅशमध्ये नसला की चिप तो बाहेरच्या फ्लॅशमधून आणायला जाते, तेवढ्यात पुढची कड येऊन निघून जाते. ५ मायक्रोसेकंदांत आरपी२०४० ला क्लॉकचे ६६५ ठोके मिळतात, आरपी२३५० ला ७५०. एवढ्या वाढीने हे दुखणं जाणार नव्हतं.

औषध पीआयओमध्ये होतं आणि ते आरपी२०४० मध्येही होतंच. पीआयओ म्हणजे पिनांजवळ बसलेले, ठरलेल्या ठोक्याला एक सूचना पार पाडणारे छोटे स्वतंत्र कामगार. मुख्य कोअर कितीही गुंतलेला असो, त्यांची लय चुकत नाही. अडचण जागेची होती. प्रत्येक ब्लॉकमध्ये असे चार कामगार, म्हणजे स्टेट मशीन, असतात, पण चौघांत मिळून फक्त ३२ सूचनांची मेमरी. आरपी२०४० मध्ये असे ब्लॉक दोनच. वाय-फायच्या चिपशी बोलायला एक स्टेट मशीन जातं, कंपनांसाठी लावलेल्या बाहेरच्या एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या चिपचा) माझा प्रोग्रॅम लांबलचक, आणि एनकोडरचा प्रोग्रॅम तर शून्य पत्त्यापासूनच बसवावा लागतो, कारण तो पिनांच्या स्थितीवरून उडी कुठे मारायची ते ठरवतो. कितीही सरकवासरकव केली तरी एक पाहुणा बाहेर राहायचाच. आरपी२३५० मध्ये तीन ब्लॉक आहेत, बारा स्टेट मशीन. एनकोडरला स्वतंत्र खोली मिळाली. त्या दिवसापासून इंडेक्स पल्सला ४००० सोडून दुसरा आकडा मी पाहिलेला नाही. शाफ्ट पूर्ण वेगात, वाय-फायवर मुद्दाम डेटाचा मारा सुरू, आणि पडद्यावर एकाखाली एक ४०००, ४०००, ४०००. ती रांग मी कितीतरी वेळ नुसती बघत बसलो होतो.

रॅम २६४ केबीवरून ५२० केबी झाली, हा दुसरा मोठा आधार. कंपनांचे चार चॅनेल, प्रत्येकी ४०९६ नमुने, नमुन्याला ४ बाइट, म्हणजे ६४ केबी. एक बफर भरत असताना दुसऱ्यावर गणित चालवायचं तर १२८. त्यावर एफएफटीची जागा आणि वाय-फायचं सामान. जुन्या चिपवर मी नमुने निम्मे करून भागवत होतो आणि बेअरिंगच्या बारीक वारंवारता एकमेकींत मिसळून जायच्या. आता त्या वेगळ्या दिसतात. शिवाय आरपी२३५० च्या कॉर्टेक्स-एम३३ कोअरमध्ये दशांश गणिताचं हार्डवेअर आहे. आरपी२०४० च्या एम०+ ला तेच गणित सॉफ्टवेअरने करावं लागायचं, त्यामुळे मी सगळं पूर्णांकांत लिहिलं होतं. तो किचकट कोड काढून टाकताना फार बरं वाटलं.

आता दोषाकडे येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये चिप आली ती ए२ आवृत्तीत, आणि डेटाशीटमध्ये ई९ नावाने एक दोष नोंदलेला आहे. पिन इनपुट म्हणून चालू असेल, आतला पुल-डाउन (पिन शून्याकडे ओढणारा रेझिस्टर) लावलेला असेल आणि पिन एकदा वर जाऊन सुटली, तर ती शून्यावर येत नाही, साधारण २.२ व्होल्टवर लटकून राहते. पॅडमधून गळणारा प्रवाह सुमारे १२० मायक्रोअँपिअर असतो आणि आतल्या पुल-डाउनमध्ये तो खेचून घेण्याची ताकद नाही. उपायही तिथेच दिलेला आहे: बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर लावा. पिन वर ओढणाऱ्या पुल-अपला हा त्रास नाही. ही नोंद मी बोर्ड हातात घेण्याआधीच वाचली होती, म्हणून सर्किट काढतानाच बटणांच्या तिन्ही पिनांना ८.२ किलोओहमचे रेझिस्टर दिले. एनकोडर ओपन कलेक्टरचा, म्हणजे पिन फक्त खाली ओढू शकणारा, त्याला पुल-अपच लागतो, त्यामुळे तिकडे काहीच बदलावं लागलं नाही. कॅपॅसिटिव्ह टचसारखं नाजूक काम ए२ वर करू पाहणाऱ्याने मात्र ही नोंद दोनदा वाचावी. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ए४ आवृत्तीत हा दोष दूर झाला आणि पिनांना ५ व्होल्ट चालतात यालाही अधिकृत मान्यता मिळाली. आवृत्ती चिपवरच्या छपाईत दिसते. बोर्ड घेताना भिंग लावून पाहावी.

चिपच्या आतला एडीसीही सुधारला आहे. आरपी२०४० मध्ये ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या आकड्यांपाशी मोजमाप अडखळायचं, ते आता होत नाही.

आर्मपेक्षा वेगळ्या घराण्याच्या रिस्क-व्ही कोअरबद्दल उत्सुकता होती. दोन एम३३ च्या जोडीला दोन हॅझर्ड३ कोअर याच चिपमध्ये आहेत आणि सुरू होतानाच कोणते वापरायचे ते निवडता येतं. एनकोडरचा आणि वाय-फायचा कोड एका सेटिंगच्या बदलात त्यांच्यावर चालला. पण हॅझर्ड३ मध्ये दशांश गणिताचं हार्डवेअर नाही, एफएफटी रेंगाळायला लागलं, म्हणून परतलो. शिकण्यासाठी मात्र दोन घराणी एकाच बोर्डवर शेजारी-शेजारी मिळणं मोलाचं आहे.

एक बोर्ड मी कायमचा गमावला, आणि चूक माझी होती. फर्मवेअरला सही करून सुरक्षित बूट करून पाहायचं होतं. सार्वजनिक किल्लीची खूण ओटीपीमध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीत, लिहिली, उरलेल्या तीन किल्ल्यांच्या जागा बाद केल्या आणि सुरक्षित बूटचा बिट लावला. ओटीपीमध्ये ० चा १ होतो, १ चा पुन्हा ० होत नाही. सही करायची खासगी किल्ली मी बिल्डच्याच फोल्डरमध्ये ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी ते फोल्डर साफ केलं. रिस्क-व्हीच्या दाराने आत शिरावं, तर तोच बिट ते कोअरही कायमचे बंद करतो. हा प्रयोग करणाऱ्याने आधी किल्लीच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, मगच पहिला बिट लिहावा.

बॅटरीवर वर्षानुवर्षं झोपून राहणाऱ्या सेन्सरसाठी मी हा बोर्ड घेणार नाही. चिपच्या आत रॅमचे भाग वेगळे बंद करण्याची सोय आली आहे, पण बोर्डवरचा रेग्युलेटर जागाच राहतो. ब्लूटूथचं तसं काम असेल तर नॉर्डिकची एनआरएफ५४एल१५ त्यासाठीच घडवलेली आहे. गेल्या दोन वर्षांत निवडीला तोटा नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने मार्च २०२५ मध्ये अवघ्या १.३८ चौरस मिलिमीटरची एमएसपीएम०सी११०४ आणली, तर एसटीची डिसेंबर २०२४ मधली एसटीएम३२एन६ ८०० मेगाहर्ट्झवर चालते आणि सोबत न्यूरल गणिताचं वेगळं इंजिन बाळगते. कॅमेऱ्याच्या चित्रातून काही ओळखायचं असतं तर मी तिकडेच वळलो असतो. माझी नड पिनांवरच्या वेळेची होती, आणि त्या बाबतीत पीआयओसारखं मला दुसरीकडे काही सापडलं नाही.

गेल्या महिन्यात ए४ चा बोर्ड मिळाला. फर्मवेअर तेच, काहीही न बदलता चाललं. नव्या सर्किटमध्ये ते तीन ८.२ किलोओहमचे रेझिस्टर मी तसेच ठेवले आहेत. ए२ चे दोन बोर्ड अजून कामावर आहेत, आणि त्यांतला एखादा उद्या याच सर्किटवर लावावा लागला तर बटणं तशीच चालायला हवीत.