उजवीकडचा फोकस: होर्डिंग घेतल्यानंतरचे काही महिने

होर्डिंग भाड्याने देणाऱ्या एजन्सीचा रिन्यूअलचा मेल आला होता. वर शुभेच्छा, खाली नवा दर, तोही जुन्यापेक्षा चढा. साइट, म्हणजे होर्डिंगची जागा, तीच, मोठ्या सिग्नलजवळची. उत्तर पाठवून झालंय, आता सगळं इथे सविस्तर लिहून टाकतो. माझ्याएवढाच लहान धंदा असलेला कुणी होर्डिंगच्या विचारात असेल तर त्याचे चार पैसे वाचतील.

आमचं काम घरी येऊन सायकल दुरुस्त करून देण्याचं. फ्लेक्सचं जीएसएम (चौरस मीटरमागचं वजन), फ्रंट-लिट (समोरून उजेड) की बॅक-लिट (मागून उजेड), प्रिंटिंग आणि माउंटिंगचं (वर चढवण्याचं) बिल वेगळं लागतं वगैरे गोष्टींत इथे फार शिरत नाही. आम्ही एक फ्रंट-लिट होर्डिंग घेतलं आणि जोडीला दोन स्वस्तातले उद्योग केले. एक म्हणजे उभ्या सायकलींच्या सीटवर पावसाची प्लास्टिक कव्हरं चढवली. दुसरं म्हणजे मळक्या फरशीवर स्टेन्सिल (अक्षरं कापलेला पत्रा) ठेवून प्रेशर वॉशरने पाण्याचा जोराचा फवारा मारला; अक्षरांपुरती फरशी स्वच्छ होते आणि नाव उमटतं. तिन्ही ठिकाणी वेगवेगळे फोन नंबर दिले, म्हणजे कोण कुठून आलं यावर वाद नको. एवढं तरी प्रत्येकाने करावं. दोन जादा सिम लागतात, बाकी खर्च नाही.

आता मुद्द्याचं. होर्डिंगवर उजेड टाकायला तीन फोकस, म्हणजे दिवे. फ्लेक्स चढला त्या रात्री तिन्ही लागत होते, मी खाली उभा राहून पाहिलंय. पहिला जोराचा पाऊस झाला आणि उजवा गेला. आमचा फोन नंबर खाली उजव्या कोपऱ्यात. अंधार पडला की नंबरातले शेवटचे तीन आकडे गडप! उरलेल्या सात आकड्यांवर कुणी फोन लावून दाखवावा.

घरचे म्हणतात, एका दिव्यावरून किती तो त्रागा. पण ही साइट आम्ही घेतली कशासाठी? दिवसा तिथून गाड्या सुसाट जातात, वर कोण बघणार? संध्याकाळी मात्र सिग्नलला रांग लागते, माणसं कंटाळून इकडेतिकडे बघतात, आणि तेवढा वेळच होर्डिंग वाचलं जातं. एजन्सीने भाव सांगताना याच गर्दीचे आकडे दाखवले होते. म्हणजे भाडं संध्याकाळचं घ्यायचं आणि संध्याकाळी अंधार द्यायचा. या धंद्यात एक ढोबळ हिशेब आहे: वाचणारा जितका लांब, त्या दर दहा फुटांमागे अक्षराची उंची निदान एक इंच हवी. तीनशे फुटांवरून वाचायचं तर तीस इंच. आम्ही तो पाळला, नंबर मोठा घ्यायला जागा हवी म्हणून ओळीतले शब्द कापले. अंधारात तीस इंच काय नि तीन इंच काय.

तक्रार केली. "सर, आजच करून घेतो." दुसऱ्या आठवड्यात, "सर, इलेक्ट्रिशियन गावाला गेलाय." त्यानंतर, "सर, झालंय, फोटो टाकलाय बघा." फोटो आला. तिन्ही फोकस झगझगीत, कोपऱ्यात तारीख ताजी. मी तो मोठा करून बघितला तर मागच्या इमारतीला परांची बांधलेली! ती परांची कधीच उतरली होती, आता तिथे रंग देऊन झालेली भिंत दिसते. म्हणजे पहिल्या रात्रीचाच फोटो, वर नवी तारीख चिकटवलेली. हे दाखवलं तेव्हा पलीकडून बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसलं आणि उत्तर आलं, "सर, टेक्निकल इश्यू असेल."

शेवटी मीच त्यांच्या इलेक्ट्रिशियनला गाठलं. माणूस सरळ. वर चढला, बघितलं, खाली उतरून म्हणाला, "साहेब, दिवा चांगलाय, ड्रायव्हर जळालाय. वायर आत जाते तिथे ग्लँडच बसवली नाही, पाणी गेलं." ड्रायव्हर म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा डबा, आणि ग्लँड म्हणजे वायरभोवती घट्ट बसणारी प्लास्टिकची बोंडी. महिन्याच्या भाड्यासमोर तिची किंमत धरायचीही लाज वाटावी. ती नाही म्हणून ड्रायव्हर गेला, ड्रायव्हर गेला म्हणून माझे तीन आकडे गेले.

हीच एजन्सी पहिल्या बैठकीत काय काय दाखवत होती! लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला ब्रिटिश एअरवेजचा २०१३ चा डिजिटल फलक: वरून खरं विमान गेलं की फलकावरचं पोर उठून त्याच्याकडे बोट दाखवतं, आणि फ्लाइटचा नंबर आणि ते कुठून येतंय ते झळकतं. त्याच वर्षीचे आयबीएमचे फलक: एक खालून वळवून बाक केलेला, एक वरून वाकवून पावसाचा आडोसा, एक पायऱ्यांवर टाकून उतार. मस्त कामं आहेत, वाद नाही. आयबीएमची तर मला मनापासून आवडतात, कारण जाहिरात कुणी वाचली नाही तरी बसायला जागा मिळते. पण ज्यांना तीन दिवे सांभाळता येत नाहीत त्यांनी विमानं दाखवू नयेत.

आणखी एक. सही करण्याआधी होर्डिंगच्या सांगाड्याचं स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट (तो मजबूत असल्याचा दाखला) आणि परवाना दोन्ही मागून घ्या. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात पडलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, तिथे मर्यादा ४० बाय ४० ची. सतरा माणसं गेली. आमच्या एजन्सीने कागद लगेच दिले, ते तेवढं त्यांच्या बाजूने.

आता फरशी धुण्याबद्दल. पहिले काही दिवस मी यावर फिदा होतो. रंग नाही, फ्लेक्स नाही, कचरा नाही, फक्त पाणी. कल्पना आमची नाही, फार आधीपासून चालत आलीय. ब्राझीलच्या साओ पाउलोत अलेक्झांद्रे ओरियन नावाच्या कलाकाराने २००६ मध्ये एका बोगद्याच्या भिंतीवरची काजळी फडक्याने पुसून पुसून कवट्यांची रांग काढली होती. पोलिसांनी हटकलं, पण भिंत साफ करणं हा गुन्हा कसा ठरवणार? मग पालिकेनेच बोगदा धुऊन काढला. त्याच शहराने १ जानेवारी २००७ पासून कायदा लावून सगळी बाहेरची जाहिरात हटवली; हजारो फलक उतरले आणि रिकामे सांगाडे तेवढे बरेच दिवस उभे होते.

पण ओरियन कलाकार होता आणि आम्ही नंबर छापणारे. जाहिरात म्हटली की पाण्याने केली काय आणि रंगाने केली काय, सार्वजनिक फूटपाथवर परवानगी लागतेच. २००१ मध्ये आयबीएमने सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या फूटपाथवर लिनक्स या संगणक प्रणालीच्या जाहिरातीसाठी चिन्हं उमटवली, आपोआप निघून जाणाऱ्या खडूची म्हणून. ती निघाली नाहीत, आणि दंड भरावा लागला. म्हणून आम्ही खाजगी पार्किंगच्या आवारात, मालकाकडून लेखी घेऊन काम केलं. तिथे एक आजोबा आमचं सगळं शांतपणे बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "अहो, एवढंच का धुताय? सगळंच धुवा की." मी हसलो, पण त्यांचं बरोबर होतं. मालकानेही थोड्या दिवसांनी तेच केलं. आवार झाडून-धुऊन लख्ख, आमचं नाव त्यात गेलं. स्टेन्सिलच्या नंबरवर फोन जवळपास नाहीत. फोटो मात्र भरपूर काढले गेले. लोक वाकून फोटो काढतात, हसतात, निघून जातात. एरवी कौतुकाचा मला राग नाही, पण वॉशरचं भाडं कौतुकातून वसूल होत नाही.

आमच्या डिझायनर पोराने मधे आणखी एक डोकं चालवलं: पुलांच्या खाली बॅटरीवर लुकलुकणारे छोटे एलईडी लावू, सायकलच्या चाकाच्या आकाराचे. त्याला अमेरिकेतल्या बॉस्टनची गोष्ट सांगितली. ३१ जानेवारी २००७. एका कार्टून मालिकेच्या प्रचारासाठी पुलांखाली, खांबांवर लावलेल्या बॅटरीच्या पाट्या कुणाला तरी बॉम्ब वाटल्या. बॉम्बशोधक पथकं आली, रस्ते आणि पूल बंद झाले. तशाच पाट्या दुसऱ्या शहरांत काही आठवडे लागलेल्या होत्या आणि तिथे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मालिका दाखवणाऱ्या कार्टून नेटवर्कच्या मालक टर्नर कंपनीला वीस लाख डॉलर मोजावे लागले, कार्टून नेटवर्कच्या प्रमुखाने पद सोडलं. पोरगं म्हणालं, "दादा, पण नाव किती झालं त्यांचं!" झालं असेल. वीस लाख डॉलर असतील तर कर बाबा.

सीट कव्हरांकडून मला अपेक्षा नव्हती. उरलेल्या पैशांत घेतलेली, साध्या प्लास्टिकची, इलॅस्टिकवाली, वर एकच ओळ आणि नंबर. पाऊस येणार असं दिसलं की संध्याकाळी सायकल स्टँडच्या माणसाला विचारून चढवायची. माणूस ऑफिसातून उतरतो, सगळ्या सायकली भिजलेल्या आणि याची सीट कोरडी. तो रागावत नाही. कव्हर काढून फेकतही नाही, घडी करून पिशवीत टाकतो आणि पुढच्या पावसात पुन्हा घालतो. पुढे कधी ब्रेक वाजायला लागला की नंबर त्याच्याच हाताशी. पाहताच खूप फोन आले असं नाही. फोन उशिरा आले आणि येतच राहिले. तिन्हींत सगळ्यात कमी खर्च हाच, आणि वसुली सगळ्यात जास्त.

इथवर लिहून मी होर्डिंगला शून्य देणार होतो. पण मध्यंतरी ग्लँड बसली, ड्रायव्हर बदलला, तिन्ही फोकस लागले. होर्डिंगच्या नंबरवर फोन थोडे वाढले, फार नाही. खरं लक्षात आलं ते वेगळंच. कव्हरच्या नंबरवर फोन करणारे विचारू लागले, "त्या सिग्नलवर बोर्ड आहे तेच ना तुम्ही?" घरी कुणाला बोलवायचं, किल्ली-कुलपाच्या आत घ्यायचं, तर माणूस आधी खात्री करतो. प्लास्टिकच्या कव्हरवरचा नंबर कुणाचाही असू शकतो. एवढं मोठं होर्डिंग लावणारा उद्या पळून जाणार नाही असं लोकांना वाटत असावं. तेव्हा होर्डिंग फोन आणत नाही, पण आलेल्या फोनवरचा पहिला संशय घालवतं. याचे पैसे देणं मला पटतं. वर्षभराचे नाही, दोन-तीन महिन्यांचे. आणि नंबर तिथे हवाच कशाला? नाव मोठं, मधोमध, मधल्या फोकसखाली.

एजन्सीला मी परत लिहिलं: छोट्या मुदतीचा करार, जुनाच दर, आणि एक कलम. कुठलाही दिवा कळवल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत लागला नाही तर तेवढ्या रात्रींचं भाडं वजा. मुदत त्यांनी मान्य केली, दरावर थोडं घासाघीस करून आले, कलम मात्र खोडून पाठवलं. वर फोन: "सर, असं आम्ही कुणालाच देत नाही." मग दुसरी साइट बघतोय. या वेळी आधी रात्री जाऊन.

कव्हरं घेणाऱ्यांसाठी: बारीक इलॅस्टिक घेऊ नका, दोन उन्हांत ढिलं पडतं आणि कव्हर वाऱ्यावर उडून रस्त्यावर पडतं, नंबरासकट. रुंद पट्टीचं घ्या. छपाई वरच्या बाजूला नको, माणूस त्यावर बसतो आणि शाई झिजते. मागच्या उतारावर छापा. आणि न विचारता दुसऱ्याच्या सायकलला हात लावू नका, स्टँडवाल्याला दोन कव्हरं त्याच्या स्वतःच्या सायकलीसाठी आधी द्या.