किडनी चेकअप पॅकेज, होम कलेक्शन: ५ पैकी अडीच स्टार

आईला शुगर आहे, वय ६८, डॉक्टर म्हणाले वर्षातून एकदा किडनी बघत जा म्हणून ॲपवरून हे पॅकेज बुक केलं. लॅबचं नाव लिहीत नाही.

रक्त घ्यायला आलेला मुलगा मात्र एक नंबर. सातची वेळ दिली होती, सातला दारात, हात इतका हलका की आईला सुई टोचलेली कळली पण नाही (आणि ती सुई बघूनच तोंड फिरवते). रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर.

आता पॅकेज. जाहिरातीत टेस्टचा आकडा भला मोठा, उघडून बघितलं तर युरिया एक टेस्ट, त्याच युरियावरून काढलेला बीयूएन (युरियातलं नायट्रोजन) दुसरी, मग दोघांचे क्रिएटिनिनशी (स्नायूंमधून येणारा, किडनी बाहेर टाकते तो कचरा) रेशो अजून दोन, अरे मशीनवर लावलं एकच, बाकी सगळं कॅल्क्युलेटर! लघवीचा रंग पण टेस्ट म्हणून मोजलाय. आणि शुगरवाल्यांना जी खरी लागते ती लघवीची एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन या प्रोटीनचा क्रिएटिनिनशी रेशो, तीच नाही. लघवीच्या साध्या रुटीन टेस्टमध्ये प्रोटीन 'निल' आलं म्हणून खुश होऊ नका, थोडंसं अल्ब्युमिन जात असेल तर त्यातल्या लघवीत बुडवायच्या पट्टीवर दिसत नाही. एसीआर ३० च्या आत पाहिजे, आम्ही ती वेगळे पैसे भरून केली, त्याला सकाळची पहिली लघवी देतात.

क्रिएटिनिन १.१ आलं, रेंज ०.६ ते १.१, त्यामुळे ॲपवर हिरवी टिक. पण दुसऱ्या पानावर ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) ५५, म्हणजे कमी, आणि त्यावर काही खूण नाही! वय झालं, अंगावर मांस कमी झालं की क्रिएटिनिन तसंही कमीच येतं, म्हणून वय धरून काढलेला हा आकडा बघायचा असतो. डॉक्टरांनी पहिला तोच बघितला, ३ महिन्यांनी परत करायला सांगितलंय, एका रिपोर्टवरून किडनीचा आजार ठरवत नाहीत म्हणाले.

सगळ्यात डोकं फिरवलं ते पोटॅशियमने, ६.१, म्हणजे खूपच जास्त! घरात सगळ्यांची तंतरली. मग खाली बारीक अक्षरात दिसलं, 'सॅम्पल हिमोलाइज्ड'. म्हणजे नळीतच रक्तपेशी फुटल्या आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं. माहीत होतं तर फोन करून परत सॅम्पल घ्यायचं ना? तातडीने जवळच्या लॅबमध्ये जाऊन केलं, ४.४.

कोणाला करायचंच असेल तर पॅकेजच्या नादी न लागता डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, क्रिएटिनिन ईजीएफआरसकट, एसीआर, युरिन रुटीन, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर इलेक्ट्रोलाइट्स (सोडियम, पोटॅशियम वगैरे) पण विचारा. रिफंड मागितलाय, कस्टमर केअरवाले रोज 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' एवढंच म्हणतायत.